किती जणी

आशालताबाईंनी पाय स्टुलावर टाकले, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "पहिल्यापासून."

जनीनं पहिल्यापासून सुरू केलं. दुपारचे साडेतीन वाजले होते, मे महिना होता आणि पनवेलच्या टपाल नाक्यामागच्या त्या दोन खोल्यांत पंखा नुसता फिरल्यासारखं करत होता. बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सकाळची पाळी करून आलेल्या. पहाटेपासून 'हॅलो ट्रंक' करून घसा बसलेला, आणि घरी यावं तर ही पोर दारात उभी. जनीही रोडपालीहून सहा आसनी रिक्षात दहावं माणूस होऊन आलेली. खरं सांगायचं तर दोघींनाही झोपायचं होतं.

"या अरण्यात आले तेव्हा माझ्या मणात—"

"मनात. तिथं ण नाही."

"मनात. माझ्या मनात कोन होतं—"

"कोण. तिथं आहे."

"कोण होतं, कोण नव्हतं, हे आता मीच विसरले आहे. राजवाड्यातले दिवस स्वप्णासारखे—"

बाईंनी डोळे उघडले. रागवायचंही त्राण नव्हतं त्यांच्यात. "स्वप्नासारखे," त्या म्हणाल्या. "पुन्हा पहिल्यापासून."

आता यात जनीचा दोष काय, तर ती रोडपालीत जन्मली. तिच्या आगरी माणसांनी ण या अक्षराला कधी घरात घेतलंच नाही. एका न वर त्यांचा सगळा संसार चालतो. लोणी लोनी होतं आणि तरी तेवढंच लागतं. ळ चा ल होतो, आणि ह ची तर कुणी वाटही बघत नाही. पिढ्यान् पिढ्या मिठागरं चालली, लग्नं लागली, भांडणं झाली, ण वाचून कुणाचं काही अडलं नाही. अडलं ते जनीचं. बाईंनी सहा महिने खपून तिला ण शिकवला आणि तो एकदाचा आला तो असा आला, की जिथं तिथं येऊन बसायला लागला. भाकरी तव्यावर टाकायला शिकवावी आणि पोरीनं डाळही तव्यावरच ओतावी, तशातली गत.

एवढा आटापिटा कशासाठी, तर कॉलेजात तीन वर्षं गॅदरिंगला तिला तीनदा कोळीण केलं होतं. पहिल्या वर्षी मासे विकणारी, दुसऱ्या वर्षी भांडणारी आणि तिसऱ्या वर्षी दोन्ही. तिनं तोंड उघडलं की सभागृह हसायचं. दुष्टपणानं नव्हे, लाडानंच हसायचं, आणि तेच तिला लागायचं. आगरी पोरीला कोळीण करताना कुणाला काही वाटत नव्हतं, त्यांच्या लेखी सगळे खाडीकाठचेच. जनीला एकदा, आयुष्यात एकदाच, अशी बाई व्हायचं होतं जिच्या पहिल्या वाक्याला कुणी हसणार नाही.

आशालताबाई त्या तिसऱ्या गॅदरिंगला परीक्षक होत्या. पंधरा वर्षं हौशी नाटकं करून त्या थकल्या होत्या, पण डोळा शाबूत होता. मासे विकता विकता ही मुलगी मध्येच एक क्षण गप्प झाली आणि त्या गप्प होण्यात सबंध माणूस दिसलं, असं त्या नंतर म्हणाल्या. नाटक शिकवणाऱ्या दोन संस्थांचे अर्ज त्यांनीच आणून दिले, एक पुण्याची, एक दादरची. दोन्हीकडून चाचणीला बोलावणं आलं. आणि दोन्हीकडे तारीख एकच, वीस मे. दैव द्यायला बसलं की असं अंगठा दाखवून देतं.

एरवी कुणी म्हणालं असतं, एक यंदा, एक पुढच्या वर्षी. पण जनीला पुढचं वर्ष नव्हतं. तिच्या बापानं, दाजीनं, अंगणात बसून शब्द दिला होता, "यंदाचा वरीस तुजा. जमला त ठीक. नाय त मंग मी सांगन तसा." म्हणजे लग्न. दाजी दुष्ट नव्हता. सरकारनं नव्या शहरासाठी शेत घेतल्यापासून तो लोखंड बाजाराच्या फाटकावर वॉचमन होता, दिवसभर ट्रकांना हात करून संध्याकाळी हात दुखतात म्हणायचा. मुलीला एक वर्ष देणारा बाप त्या आळीत दुसरा नव्हता. म्हणून त्या एका वर्षाचं ओझं जास्त होतं.

पत्रं आली त्या दिवशी बाईंनी ती दोन्ही टीपॉयवर शेजारी शेजारी ठेवली होती. पुण्याच्या पत्रात लिहिलं होतं, उमेदवारानं एक स्वगत पाठ करून यावं, उच्चारांकडे विशेष लक्ष दिलं जाईल. दादरच्या पत्रात होतं, आपल्या घरच्या बोलीतला एक प्रसंग सादर करावा.

"दादरला तू सहज लागशील," बाई म्हणाल्या. "उभी राहिलीस तरी घेतील. पण घेतील कशाला, ते सांगते. मोलकरीण पाहिजे, बोलवा जनीला. भाजीवाली पाहिजे, बोलवा जनीला. मी पाहिलंय हे. चांगल्या चांगल्या पोरी जन्मभर झाडू घेऊन एका बाजूनं आल्या आणि दुसऱ्या बाजूनं गेल्या."

"आणि पुण्याला?"

"पुण्याला कठीण आहे. पण तिथनं बाहेर पडलीस की तुला कुणी विचारणार नाही कुठली म्हणून." बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "ठरव तू. मी ठरवणार नाही. उद्या मला बोल लावशील."

जनीनं फार वेळ लावला नाही. दादरच्या पत्राची तिनं घडी घातली आणि ते पर्समध्ये तळाला सरकवलं. घरच्या बोलीतला प्रसंग म्हणजे पुन्हा टोपली, पुन्हा हशा. "पुणे," ती म्हणाली. बाईंच्या जुन्या हौशी संस्थेसाठी विनायक नावाच्या लेखकानं लिहिलेलं वनवासी राणीचं स्वगत होतं, तेच पक्कं झालं.

मग ते पंधरा दिवस. उठता बसता राणी. बाईंनी सांगितलं होतं, घरीही शुद्धच बोल, नाहीतर सकाळी शिकवलेलं संध्याकाळी जातं. जेवताना जनी म्हणाली, "आई, मला थोडं मीठ देतेस का?" तर आईनं मिठाची वाटी दोन्ही हातांनी पुढं केली आणि म्हणाली, "घे गो बाय. घरान पावनी आयलीय आमच्या." सगळे हसले, जनीही हसली. दुसऱ्या दिवशी आई हसली नाही, तिसऱ्या दिवशी तिनं वाटी नुसती पुढं सरकवली. जनीला ते समजत होतं. पण रोज दोन जिभा तोंडात वागवून ती इतकी दमायची, की तिसरं काही वागवायला जागाच उरत नव्हती. रात्री पडल्या पडल्या ती शब्द मोजायची. धन न, धण नाही. क्षण ण. वन न. रण ण. मेंढ्या मोजून झोप येते म्हणतात, हिची उडायची.

वीस तारखेला पहाटेच्या एस.टी.नं ती दाजीबरोबर निघाली. दाजीनं लग्नाकार्याचा पांढरा शर्ट घातला होता आणि एक दिवसाची रजा टाकली होती. खोपोलीच्या पुढं घाट लागला, तशी जनी खिडकीला डोकं टेकून बसली.

"तुना मलमलतंय का?" दाजीनं विचारलं.

"नाही."

"लिंबू हाय बग पिशवीन."

"नको म्हटलं ना, बाबा." आणि मग तिनं जे पनवेलपासून तोंडात धरलं होतं ते सांगून टाकलं, "तिथं गेल्यावर तू कुणाशी जास्त बोलू नकोस. कुणी विचारलं तर मी बोलेन."

दाजीनं तिच्याकडे पाहिलं, मग समोरच्या सीटकडे. "नाय बोलनार," तो म्हणाला. लोणावळा गेलं, तळेगाव गेलं, तो बोलला नाही. पोटचं पोर शिकलं की असं एखादं वाक्य ऐकावंच लागतं, अशी त्यानं समजूत घातली असेल. जनीला मात्र ते वाक्य परत घ्यावंसं वाटत होतं, आणि घ्यायचं कसं ते कळत नव्हतं.

संस्था एका जुन्या दगडी इमारतीत होती. व्हरांड्यात बाकं, बाकांवर चाळीस एक मुलंमुली, ओठ हलवत पाठ म्हणणारी. जवळजवळ सगळ्याच मुली राण्या नाहीतर संन्यासिनी. दाजी खिडकीखालच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसला. खिडकी त्याच खोलीची होती, उकाड्यामुळं सताड उघडी. जनीचा नंबर यायला दुपारचे दोन वाजले.

आत टेबलामागं तिघं होते, दोन पुरुष आणि मधे एक पिकल्या केसांच्या बाई. सकाळपासून ऐकून त्यांचीही तोंडं उतरली होती.

"नाव?" एकानं विचारलं.

जगातला सगळ्यात सोपा प्रश्न. जनीनं श्वास घेतला, जीभ टाळूला लावली आणि नीट, स्वच्छ, सहा महिन्यांच्या मेहनतीनं म्हणाली, "जणी दाजी घरत."

दोघं पुरुष एकमेकांकडे बघून हसले. "किती जणी?" एकानं विचारलं.

"एकटीच आलेय," ती म्हणाली. आता तिघंही हसले. वाईट नव्हतं ते हसू, लाडाचंच होतं. तिला ते तीन वर्षं माहीत होतं.

"इथं जनी लिहिलंय," मधल्या बाई अर्जावर बोट ठेवून म्हणाल्या. "संत जनाबाईतली ना?"

"हो. जणी."

आपण चुकतोय हे तिला कळलं. पण बरोबर कुठलं, तेच आठवेना. घरात वीस वर्षं दिवसातून पन्नासदा हाक ऐकलेली, आणि आता तोंडात नाव घोळवलं तर दोन्ही परकी लागत होती. नशिबी काय आलं होतं पाहा, राणीचं सगळं स्वगत पाठ आणि स्वतःचं नाव तेवढं पाठ नाही.

"बरं, करा सुरू."

तिनं केलं. एकही चूक केली नाही. मनात न, कोण ण, स्वप्नात न. प्रत्येक शब्दापाशी ती थांबली, खात्री करून पुढं गेली, अंधारात जिना उतरावा तशी. राणी त्या जिन्यावर कुठंतरी मागेच राहून गेली. संपलं तेव्हा पुरुषांपैकी एकजण घड्याळाकडे बघत होता.

मधल्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "उच्चार स्वच्छ आहेत," त्या म्हणाल्या. "पनवेलकडच्या ना तुम्ही? तिकडं फार गोड बोली आहे. असं करा, हे राणीबिणी सोडा. सकाळपासून सव्वीस राण्या ऐकल्यात आम्ही. तुमच्या घरी जसं बोलतात तसं चार वाक्यं बोला. काहीही. सकाळी निघताना आई काय म्हणाली तेवढं सांगा."

सकाळी निघताना आई म्हणाली होती, "जा गो बाय माजे, आन घाबरू नको, तुज्यासारकी कोन नाय." जनीला ते शब्दन् शब्द आठवलं. नुसतं म्हणायचं होतं. पण सहा महिने ज्या दाराला आतून कडी घालायला शिकवलं, ते असं एका मिनिटात उघडायचं कसं? आणि हे पुन्हा हसले तर?

"मला येत नाही," ती म्हणाली. "आमच्या घरी शुद्धच बोलतात."

"अजिबात नाही येत?"

"नाही. गावातले काही अडाणी लोक तसं बोलतात. आमच्या घरी नाही."

"ठीक आहे," मधल्या बाई म्हणाल्या आणि पुढचा अर्ज ओढला.

ती बाहेर आली तेव्हा दाजी बाकावर तसाच बसला होता, खिडकीखाली. काय झालं, असं त्यानं विचारलं नाही. पाच वाजता फळ्यावर यादी लागली, बारा नावांची. दाजी चौथीपर्यंत शिकलेला, त्यानं बोट लावून वरून खालपर्यंत यादी वाचली आणि पुन्हा वरून सुरुवात केली. जनीनं लांबूनच पाहिलं होतं. तिचं नाव नव्हतं, ना न चं ना ण चं. आणि दादरची वीस मे सुद्धा आता संपली होती.

स्वारगेटला पनवेलची गाडी लागायला अर्धा तास होता. जनी फलाटाच्या कठड्यावर बसली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण रडायलाही अंगात काही लागतं. तिला फक्त कुणीतरी घरी नेऊन झोपवावं असं वाटत होतं. दाजी चहाच्या टपरीकडे गेला. तिथं तो जरा वेळ उभा राहिला, ओठ हलत असल्यासारखे दिसले, आणि मग तो हातात ग्लास घेऊन तिच्यासमोर येऊन थांबला.

"जनी," तो म्हणाला. मग सावकाश, एकेक शब्द जपून, "तुला पाणी हवं आहे का?"

ण बरोबर जागेवर होता, जड आणि स्वच्छ. जन्मात कधी त्यानं तिला 'तुना' सोडून 'तुला' म्हटलं नव्हतं.

जनीला ती सताड उघडी खिडकी आठवली. त्यानं सगळं ऐकलं होतं. तिला म्हणायचं होतं, बाबा, नको रं असा बोलू, मी खोटा बोलले. पण तोंड उघडलं तर जिभेवर ते आलंच नाही. आलं ते भलतंच, टपाल नाक्यामागच्या खोलीतलं. "बाबा, असं नको ना रे बोलूस."

दाजी गोंधळला. ग्लासातलं थोडं त्याच्या पांढऱ्या शर्टावर सांडलं. तो वाकला आणि फलाटावरच्या इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं त्यानं विचारलं, "का, काही चुकलं का माझं?"