बावट्याची दोरी

बंदराच्या टोकाला एक खोली, खोलीवर उंच डोलकाठी, आणि डोलकाठीखाली एकटा माणूस. वादळ यायचं असलं की बावटा चढवायचा, सरलं की उतरवायचा, हे त्याचं काम. बायको गेल्यापासून घरी वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं. एक लेक होती. जन्मात कधी एका जागी बसली नाही म्हणून तो तिला भिंगरी म्हणायचा. ती पार दक्षिणेला बर्फ मोजायला गेली होती.

तिकडचा बर्फ सैल झाला की जहाज सुटायचं आणि भिंगरी सुट्टीवर यायची. पूर्वी तोवर इकडची वादळं आटोपलेली असत. आता वादळांचा मोसम लांबत चालला होता. गेल्या खेपेला ती आली तेव्हा बापाला वादळामुळे तिसऱ्याच बंदरावर बावटे चढवायला पाठवलं होतं. भेट राहूनच गेली.

"बर्फ पांढरा ना, बाबा, ऊन परत फेकतो," ती फोनवर सांगायची. "तो वितळला की काळं पाणी ऊन पिऊन बसतं. मग वाऱ्यांच्या वाटा बदलतात. तुमच्या वादळांशी त्याचं नातं किती, ते अजून नक्की सांगता येत नाही. पण असावं."

"म्हणजे तुझं बर्फाकडे लक्ष नाही, आणि राबायचं मी!"

आज जहाज टप्प्यात आलं होतं. सकाळीच त्याने तिच्या पलंगावरची चादर बदलली, उशी दोनदा झटकली. आणि दुपारी आभाळ तांबूस झालं, वारा फिरला. वायरलेसवर बंदराचे साहेब ओरडले, "बंदर बंद! बावटा चढवा!"

त्याने दोरी हातात घेतली, तोच फोन वाजला.

"बाबा, तुमची डोलकाठी दिसली! अर्ध्या तासात आत येतो. चहा टाका!"

बंदराच्या तोंडाशी खडकांवर लाटा फुटू लागल्या होत्या. दोरीला गाठ बसली होती, एवढं म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं? अर्धा तास तर हवा होता. जहाज आत आलं तर आलं. आणि नाही आलं तर?

त्याने दोरी ओढली. लाल बावटा फडफडत वर गेला.

फोन अजून चालूच होता.

"दिसला, बाबा," ती म्हणाली. "कप्तान शिव्या घालतोय तुम्हाला."

"घालू दे. शिव्या परवडल्या, बुडणाऱ्यांच्या हाका नकोत."

"आम्ही पुढच्या बंदराला वळतोय. सुट्टी बुडाली, तिथून सामान भरून तसंच मागे दक्षिणेला. उशीर झाला तर बर्फ वाट देणार नाही."

"जेवलीस का?"

"काय? ऐकू येत नाही!"

"जेवलीस का म्हटलं!"

फोन तुटला होता. लांबून भोंगा वाजला, एकदाच, लांबलचक.

दोरी अजून खुंटीला बांधायची होती. बाजारात हात सोडवून पळू बघणाऱ्या पोरीसारखी ती त्याच्या मुठीत हिसके देत होती. जहाज दिसेनासं होईपर्यंत त्याने ती बांधली नाही.