साहेबाचा डाउट

कापसाची सरकी काढणाऱ्या जिनातला इंजिनाचा चामडी पट्टा चोरीला गेला, तेव्हा फाटकावर पहाऱ्याला माझा बा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसातले चपराशी तानबाकाका धापा टाकत घरी आले.

"प्रेमदास, निंघ लवकर! साहेबाले आपल्या कानानं आयकलं म्या. हेडक्लार्कले म्हणे, आय डाउट प्रेमदास टुक इट. तुह्यावरच डाउट हाय!"

मायनं लगेच गाठोडं बांधायला घेतलं. "तळेगावले माह्या भावाकडे जा तुम्ही. बौद्ध झालो तवापासून लोकाईची नजरच फिरली. चोरी कोनीबी करो, नाव आपलंच."

मी नववीत. अख्ख्या मोहल्ल्यात इंग्रजी शिकणारी मी एकटी, मग गप्प कशी बसणार?

"काका, साहेब डाउट म्हणाला का सस्पेक्ट?"

"डाउट. दोन्ही एकच नाई का व? संशय थो संशय."

"एक कसे? 'आय सस्पेक्ट' म्हणजे यानं घेतलं असंल. 'आय डाउट' म्हणजे यानं घेतलं असं मले वाटत नाई. पार उलटं!"

माय फिसकन हसली. "वा गं मास्तरीन! किराणावाल्याचा आपल्यावर रोज डाउट असते. थो काय आपल्याले साव समजते?"

इथं मात्र मी अडकले. साहेबाचं इंग्रजी पुस्तकातलं, की किराणावाल्याचं? तानबाकाकांनी नीट ऐकलं तरी होतं का? त्यांनाच बाला हाकलायची एवढी घाई का?

बा जोडा घालून उभाच होता.

"बा, तू पळाला त साऱ्यायले पक्कंच वाटन. चाल, साहेबालेच इचारू."

साहेबासमोर माझं इंग्रजी काही लटपटलं नाही. माझ्या बाने पट्टा घेतला असं तुम्हाला वाटतं की नाही वाटत, असं सरळ विचारलं.

साहेब मद्रासकडचा. बाला कळावं म्हणून मोडक्या हिंदीत म्हणाला, "हम बोला, इसने नहीं लिया. इसको चोर तो ये बोलता." आणि हेडक्लार्क वासुदेवरावांकडे बोट दाखवलं. वासुदेवराव फायलीत तोंड घालून बसले.

बा सरळ फाटकावर गेला, काठी घेऊन बसला. संध्याकाळी वासुदेवराव पिशवी घेऊन निघाले, तसा तो आडवा आला.

"पिशवी दाखवा, साहेब. आजपासून साऱ्यायचीच पाह्यतो."