आठवडाभर टांगलेलं शून्य

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे आणि माझ्यावर शून्य रंगवलेलं आहे. हसून घ्या, मला सवय आहे. फुटबॉलच्या मैदानावर फलकाला टांगलेल्या शून्याकडे आजवर कोणी प्रेमानं पाहिलेलं नाही. एकाची पाटी चढली की लोक टोप्या उडवायचे, दोनाची चढली की एकमेकांच्या गळ्यात पडायचे. मी मात्र सामना सुरू व्हायच्या आधीपासून तिथे असायचे, आणि मी कधी एकदा खाली उतरते याचीच सगळे वाट बघायचे.

माझा जन्म तेलाच्या एका जुन्या पिंपाच्या पत्र्यातून झाला. दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर होता. दर रविवारी फलक सांभाळण्याचं कामही तोच हौसेनं करायचा. त्यानं पत्रा कापला, कडा कानशीनं घासल्या, काळा रंग दिला आणि त्यावर पांढरे आकडे काढले. शून्य ते नऊ, असे दोन संच; एक आपल्या संघाचा, एक पाहुण्यांचा. म्हणजे मला एक जुळी बहीण होती. ती नशीबवान. पाहुण्यांचा गोल झाला की ती उतरायची आणि मागच्या फळीवर आरामात पडून राहायची. माझ्या वाट्याला उभा जन्म लटकणं आलं.

आमच्या दोघींच्या पोटात पेंटरनं वाटीएवढं भोक पाडलं होतं. त्याचं कारण ऐका. फलकाच्या मागे एक माणूस जेमतेम बसेल एवढीच जागा होती आणि तिला खिडकी नव्हती. सामना बघायचा कुठून? तर माझ्या पोटातून. त्यामुळे मी टांगलेली असेपर्यंत पेंटरला मैदान नीट दिसायचं, आणि आपला गोल झाला की बिचाऱ्याला बहिणीच्या भोकाकडे सरकावं लागायचं. तीस वर्षं तो असा आमच्या आडून सामने बघत आला. लोकांना आकडे दिसायचे, पेंटर कधीच कोणाला दिसला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे.

एका वर्षी आमच्या संघाला नवा मॅनेजर मिळाला. संघ निवडायचा, खेळ शिकवायचा आणि हरलं की शिव्या खायच्या, याला मॅनेजर म्हणतात. हा माणूस पूर्वी गोलकीपर होता, डाव्या पायानं थोडा लंगडायचा, आणि कधी आवाज चढवून बोलायचा नाही. आधीच्या मॅनेजरचं एकच शास्त्र होतं, चेंडू लांब मारा आणि पळत सुटा. यानं ते बंद केलं. गोलकीपरनं चेंडू जवळच्याला द्यायचा, त्यानं बाजूच्याला, असं करत करत सात पासांत समोरच्या जाळ्यापर्यंत जायचं, असं त्याचं म्हणणं होतं.

सात पास सांगायला सोपे. तिसऱ्याच पासाला चेंडू समोरच्याच्या पायात जायचा आणि गोल व्हायचा, पण आपल्यावर. सहा सामन्यांत संघाचा एकच गोल झाला, तोही पहिल्याच सामन्यात, पाहुण्यांच्याच एका खेळाडूनं गडबडीत स्वतःच्या जाळ्यात मारलेला. त्याबद्दल त्याचे आभार मानावेत असं मला फार वाटलं होतं.

सामना संपला की पाट्या उतरवायच्या, अशी पद्धत होती. पण दुसरा सामना हरल्यावर मॅनेजर स्वतः फलकाच्या मागे आला. पेंटर शिडी लावत होता.

"काका, पाटी उतरवू नका. पुढच्या सामन्यापर्यंत राहू दे."

"सर, शून्य आहे ते. रस्त्यावरनं दिसतं."

"दिसू दे. मला रोज समोर हवं आहे ते. पोरांनाही सांगणार आहे, ते शून्य माझं आहे, तुमचं नाही. तुम्ही न घाबरता पास द्या."

पेंटरनं मान हलवली आणि शिडी उचलून ठेवली. त्या दिवसापासून मी आठवडाभर टांगलेली राहू लागले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला सराव बघायला मिळाला. आजवर मी फक्त रविवार पाहिले होते. आता सोमवार ते शनिवार दिसू लागले. मॅनेजर चुन्याच्या रेघा ओढायचा, पोरांना जागेवर उभं करायचा आणि तोच पास पन्नास पन्नास वेळा द्यायला लावायचा. कोणी चुकलं की माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "ते माझ्या नावावर लिहा. चला, परत." पोरं हसायची आणि परत सुरू करायची. पाटी आपणच राहू द्यायला सांगितली आहे, हे मात्र त्यानं पोरांनाही कधी सांगितलं नाही. पहिल्या आठवड्यात तीन पास जुळायचे, तिसऱ्यात पाच. सहाव्या सामन्यानंतरच्या गुरुवारी, ऊन कलताना, सातच्या सात जुळले आणि चेंडू जाळ्यात गेला. मॅनेजर गुडघा धरून खाली बसला आणि बराच वेळ बसून राहिला. पोरं जाळ्यापाशी नाचत होती, त्यामुळे ते माझ्याशिवाय कोणी पाहिलं नाही. मला किती आनंद झाला म्हणून सांगू, पण पत्र्याच्या पाटीनं तो दाखवायचा कसा?

मैदानाच्या पलीकडच्या भिंतीला लागून रस्ता होता आणि तिथे बसथांबा होता. थांब्यावरच्या लोकांना सराव दिसायचा नाही, भिंत आड यायची. भिंतीच्या वर फक्त फलक दिसायचा, आणि फलकावर मी. सकाळी कामावर जाताना शून्य, संध्याकाळी दमून येताना शून्य. पूर्वी हरल्याचं दुःख सोमवारपर्यंत ओसरायचं. आता ते रोज ताजं होत होतं.

पेंटरचा मेव्हणा बस कंडक्टर होता. त्याची बस दिवसातून सहा फेऱ्या त्या थांब्यावरून मारायची, आणि प्रत्येक फेरीला तो खिडकीतून मान बाहेर काढून माझ्याकडे बघायचा. मॅनेजरला काढा म्हणणाऱ्यांचा तो म्होरक्या होता. त्याला तोंड देणारी एकच बाई होती, संघाचे कपडे शिवणाऱ्या मावशी. रविवारी सामन्यानंतर माझ्या खालीच त्यांची जुंपायची.

"मावशी, तीन सामने झाले," कंडक्टर म्हणायचा. "मी तीन थांब्यांवर बस थांबवली नाही, तर मला चौथ्यापर्यंत ठेवतील का?"

"तुझी बस तयार मिळते तुला. त्याला आधी चाकं बसवायची आहेत. कापड बेतल्याबरोबर कोणी अंगात घालून बघतं का? टाके तरी पडू देत."

"टाके पडेपर्यंत आम्ही उघडेच फिरायचं का?"

लोक हसायचे आणि हसणारे कंडक्टरच्या बाजूला सरकायचे. मावशी चांगल्या बोलायच्या, पण कंडक्टरनं उभी हयात गर्दीशी बोलण्यात घालवली होती. मग एका रविवारी तो म्हणाला, "आमचे दाजी बघा. बोलत नाहीत, पण शून्य उतरवतही नाहीत. रोज सगळ्या गावाला दाखवतात. हिंमत लागते त्याला."

सगळ्यांनी माना वळवल्या. पेंटर नेमका शिडीवरून उतरत होता. कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली, कोणी म्हणालं, "पेंटर, भले शाब्बास. त्याच्या नाकावर टिच्चून टांगलंत." पेंटरनं तोंड उघडलं. मला वाटलं, आता हा सांगणार, की अरे बाबांनो, हे मी नाही, सरांनीच सांगितलंय. पण त्यानं ते मिटलं आणि तो थोडंसं हसला.

मित्रांनो, मी त्याला वाईट म्हणत नाही. तीस वर्षं फलकाच्या मागे बसलेला माणूस तो. त्याला कोणी नावानं हाक मारली नव्हती. आता बसथांब्यावर लोक त्याला जागा द्यायला लागले, दुकानात खुर्ची पुढे करायला लागले. ते त्याला गोड लागलं. आज सांगू, उद्या सांगू, असं करत तो रोज गप्प राहिला आणि रोज माझ्या नजरेला नजर देणं टाळू लागला. दर रविवारी माझ्या पोटातून बघताना त्याचा श्वास मला लागायचा, त्यावरून मला कळायचं की त्याला चैन नाही.

त्या गुरुवारनंतरचा रविवार उजाडला. सातवा सामना. पोरांनी सात पास दोनदा जुळवले, एकदा चेंडू खांबाला लागला, एकदा गोलकीपरच्या बोटांना. शेवटच्या मिनिटाला आपल्यावर एक गोल झाला आणि बहीण उतरली. मी तिथेच.

अध्यक्षांनी लगेच सभासदांची सभा बोलावली. आमच्या क्लबची मत घेण्याची पद्धत जुनी होती. मॅनेजरला अजून वेळ द्यावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्या संघाच्या पाट्यांखाली उभं राहायचं; ज्यांना वाटत नाही, त्यांनी पाहुण्यांच्या बाजूला. फलक सांभाळणारा डोकी मोजून आकडे लावणार. त्याला स्वतःला मत नाही, कारण मोजणाऱ्यानं मत द्यायचं नसतं. मॅनेजरला आणि खेळाडूंना सभेला बोलवायची रीत नव्हती. ते लांब, कपडे बदलायच्या खोलीत बसले होते.

"बरोबरी झाली तर सर राहतील," अध्यक्षांनी आधीच सांगितलं. मग त्यांनी वर बघितलं. "पेंटर, सगळ्यात जवळून तुम्ही बघता. मोजायच्या आधी काही सांगायचंय का?"

मावशी हातातली टाचणीची डबी घट्ट धरून वर बघत होत्या. कंडक्टर हसून दाजींकडे बघत होता. पेंटरचा हात माझ्या कडेवर होता. बोल रे, मी मनातल्या मनात म्हणत होते. एकच वाक्य आहे, बोलून टाक.

"मी आकडे लावणारा माणूस," पेंटर म्हणाला. "मला त्यातलं काय कळतं?"

लोक दोन्हीकडे पांगले. पेंटरनं दोनदा मोजलं. पाहुण्यांच्या बाजूला बत्तीस लागले. आपल्या बाजूला त्यानं तीन टांगला आणि त्याच्या शेजारी मला. तीस. तिनाच्या उजवीकडे बसून मी पहिल्यांदाच कोणाची तरी किंमत वाढवली होती, आणि तरीही ती दोनानं कमी पडली.

लोक गेल्यावर मॅनेजर पिशवी खांद्याला लावून आमच्याकडे आला. त्याला निकाल लांबूनच दिसला होता. त्यानं पेंटरचा हात हातात घेतला.

"काका, मी सांगितलं म्हणून तुम्ही शून्य उतरवलं नाहीत. लोक तुम्हालाही बोलले असतील. आभारी आहे."

पेंटर मान खाली घालून उभा राहिला, आणि मॅनेजर लंगडत फाटकाबाहेर निघून गेला.

नव्या मॅनेजरनं पहिलं काम काय केलं असेल, तर पाट्या सामना संपताच उतरवायला लावल्या. दुसऱ्याच रविवारी गोलकीपरनं चेंडू जवळच्याला दिला, त्यानं बाजूच्याला. मी पास मोजत होते. सातव्याला चेंडू जाळ्यात गेला. पेंटरनं मला उतरवलं, पण एकाची पाटी लावायला त्याला जरा उशीर झाला, कारण तो डोळे पुसत होता. खाली लोक नव्या मॅनेजरला खांद्यावर घेऊन नाचत होते. मावशी तेवढ्या बाकावर बसून होत्या. ती सगळी शिलाई कोणाची, हे त्यांना ओळखू आलं असावं.

पुढे बरीच वर्षं गेली. मैदानावर विजेचा फलक आला आणि आम्हा पाट्यांना पेंटरनं आपल्या दुकानात नेलं. इतर आकडे त्यानं एका खोक्यात बांधून ठेवले. मला मात्र समोरच्या भिंतीवर खिळ्याला टांगलं. मला नवा रंग तो कधी देत नाही आणि कोणाला हातही लावू देत नाही.

कंडक्टर निवृत्त झाल्यापासून दुपारी तिथे येऊन बसतो. एक दिवस माझ्याकडे बघून तो म्हणाला, "दाजी, तुम्ही तेव्हा हे टांगून ठेवलंत, म्हणून लोकांचे डोळे उघडले. झालं ते बरंच झालं."

पेंटरनं कुंचला खाली ठेवला. "मी नव्हतं टांगलं. त्यानं सांगितलं होतं. म्हणाला, हे शून्य माझं आहे, पोरांचं नाही. मला रोज समोर हवंय."

कंडक्टर माझ्याकडून दाजींकडे वळला.

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्ही सगळे पाठ थोपटत होतात."

"दाजी, मला वाटायचं त्याला लाज नाही. रोज शून्य दिसतंय आणि हा खुशाल हिंडतोय, याचाच राग होता मला. एवढं एक कळलं असतं, तर मी त्याच्या बाजूला येऊन उभा राहिलो असतो." मग त्यानं बोटांवर हिशेब केला, जरी त्याची गरज नव्हती. "मी एकटा आलो असतो तरी एकतीस-एकतीस झाले असते."

त्याच आठवड्यात दोघांनी मिळून सरांना पत्र लिहिलं. मावशींकडे पत्ता होता, पण तो जुना निघाला. सरांनी नंतर कुठल्याच मैदानात पाय ठेवला नाही, एवढंच त्यांच्या कानावर आलं होतं. पत्र परत आलं. ते आता माझ्या पाठीमागे, त्याच खिळ्याला अडकवलेलं आहे.

मित्रांनो, मला गंज चढला आहे, पण माझी काळजी करू नका. तुम्हाला एकच विनंती आहे. कोणाच्या नावापुढे शून्य दिसलं, तर ते किती दिवस दिसतंय तेवढंच मोजत बसू नका. ते तिथे कोणी राहू दिलं आणि का, हेही विचारा. आणि तुम्हाला ठाऊक असेल, तर वेळेवर सांगा. त्या दिवशी सगळं मला ठाऊक होतं आणि पेंटरलाही. मला तोंड नव्हतं, त्याला होतं.