पिंजऱ्यावरची चादर

घरात सगळ्यांना लाडाची नावं होती, एक तिलाच नव्हतं. आई धाकटीला अजून ‘छकुली’ म्हणायची. छकुलीला सत्तेचाळिसावं लागलं होतं आणि जिना चढताना तिचे गुडघे कुरकुरायचे. पोपटाला आई ‘सोन्या’ म्हणायची. आणि हिला? हिला ‘मोठी’. मोठी, गोळ्या संपल्या. मोठी, खिडकी लाव. मोठी हे काय नाव झालं? तो हुद्दा झाला, आणि तोही बिनपगारी.

मोठी लॉन्ड्रीत कामाला होती. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे धुवायला यायच्या. गरम रोलरमधून चादर बाहेर आली की दोघींनी ती धरायची, कोपऱ्याला कोपरा जुळवायचा, काठाला काठ लावायचा आणि झटकून घडी घालायची. एक सुरकुती दिसली की चादर परत पाण्यात. बावीस वर्षं हेच केल्यावर माणसाला घरातही सुरकुती खपत नाही. पिसं आणि दाण्यांची टरफलं तर नाहीच नाही.

आणि घरात काय आलं, तर पोपट. सात वर्षांपूर्वी आईची नजर गेली तेव्हा धाकटीने तो आणला. राखाडी, लाल शेपटीचा, चांगला कबुतराएवढा. “आईला सोबत होईल गं ताई,” असं म्हणून तिने पिंजरा खिडकीशी टांगला, आईचा मुका घेतला आणि ती आपल्या घरी गेली. त्या दिवसापासून पिंजऱ्याचा तळ कोण घासतं? मोठी. दाणे कोण निवडतं? मोठी. धाकटी दर गुरुवारी दुपारी, मोठी कामावर असताना यायची, दोन तास आईचा हात हातात घेऊन बसायची, पोपटाला बदाम भरवायची आणि जायची. उंटावरून शेळ्या हाकायला कुणालाही जमतं.

मग गुरुवारी संध्याकाळी आईचं सुरू व्हायचं. “छकुली आली होती. सोन्या काय बोलला म्हणून सांगू तिच्याशी! नुसती हसत होती पोर.”

मोठीने सात वर्षांत त्याच्या तोंडून एक शब्द ऐकला नव्हता. ती संध्याकाळी सहाला घरी आली की चपला काढायच्या आधी पिंजऱ्यावर लॉन्ड्रीतली जुनी चादर टाकायची. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कपडे ती घरी इस्त्री करायला घ्यायची, त्यावर पीस बसलेलं चालायचं नाही. रविवारी दिवसभर इस्त्री, म्हणून दिवसभर चादर. सकाळी ती निघायची तेव्हाही चादर तशीच असायची; आई आठच्या सुमाराला चाचपत येऊन ती काढायची. चादरीखाली साहेब गप्प. तळ साफ करायला तिने हात घातला तर मान वाकडी करून एका डोळ्याने बघायचे, जसा एखादा कारकून अर्धवट भरलेल्या अर्जाकडे बघतो. ती त्याला ‘साहेब’च म्हणायची, आणि ते लाडाने नव्हतं.

एकदा आई म्हणाली होती, “तू यायच्या आधीच त्याला कळतं बघ.”

“कळणारच,” मोठी म्हणाली. “म्हणूनच तोंड शिवून बसतो.”

 मोठीच्या ते डोक्यात राहिलं. धाकटीसाठी गप्पा, आईसाठी गप्पा आणि राबणारीसाठी मौनव्रत. पाखरालाही कळतं कुणाचे लाड करायचे आणि कुणाला राबवायचं, असं तिला वाटायचं. कधीकधी आई दुपारभर पोपटाशी काय बोलत असेल याचा विचार करत ती रोलरपाशी उभी राहायची आणि तिचा कोपरा चुकायचा. आपल्याशी आई गोळ्यांबद्दल बोलते. त्याच्याशी कशाबद्दल बोलते?

मग बर्ड फ्लूच्या बातम्या आल्या. दूर कुठेतरी कोंबड्या मेल्या, टीव्हीवर पांढऱ्या कपड्यांतली माणसं दिसली आणि चार दिवसांत सगळ्यांना आपापल्या घरातल्या पाखरांची भीती वाटायला लागली. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने चार चिमुकले बजरीगर पोपट गॅलरीतून उडवून दिले. ते दिवसभर समोरच्या तारेवर बसले आणि दुसऱ्या दिवशी दिसले नाहीत. कचऱ्याच्या डब्याशेजारी कुणीतरी अख्खा पिंजरा ठेवून गेलं, आत पाखरासकट. लॉन्ड्रीतल्या बायका या गोष्टी हळहळून सांगायच्या. मोठीही हळहळायची, पण तिला आतून गुदगुल्या होत होत्या. आयतं निमित्त चालून आलं होतं.

खरं तर तिला सगळं माहीत होतं. जनावरांच्या एक डॉक्टरीणबाई आपल्या दवाखान्याचे कपडे लॉन्ड्रीत टाकायच्या, त्यांना तिने मुद्दाम विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, “घराबाहेर न गेलेल्या पोपटाला कुठून काय होणार? बाहेरची पाखरं खिडकीशी येऊ देऊ नका, हात धुवा आणि निवांत राहा.” मोठीने मान डोलावली आणि ती गोष्ट घरी सांगितली नाही.

शनिवारी तिने सुट्टी घेतली. “आई, याला तपासून आणते. सगळेच नेतायत.”

आई घाबरली. “काही झालंय का त्याला?”

“झालं नाही. होऊ नये म्हणून.”

आईने पिंजरा दोन्ही हातांनी चाचपला, गजांतून बोट घातलं आणि पोपटाने ते चोचीत अलगद धरलं. “घाबरू नको रे सोन्या. मोठी आहे ना बरोबर.” मग मोठीकडे तोंड करून म्हणाली, “लवकर आण हं.” मोठीने पिंजऱ्यावर चादर टाकली आणि ती जिना उतरली.

लोकांना नकोशी झालेली पाखरं ठेवून घेणारं केंद्र गावाच्या कडेला, एका जुन्या गोदामात होतं. फाटकाशीच पिंजऱ्यांची रांग होती. टेबलामागे एक म्हातारेसे गृहस्थ बसले होते. सगळे त्यांना पक्षीवाले काका म्हणत होते. त्यांच्या शर्टाचे दोन्ही खांदे चोचींनी कुरतडलेले होते.

“आज सकाळपासून तेविसावा,” ते फॉर्म पुढे करत म्हणाले. “कारण लिहा. खरं लिहिलंत तरी चालेल, मी काही भांडत नाही.”

तिने लिहिलं, ‘आजाराची भीती’. टेबलावरच्या आधीच्या सगळ्या फॉर्मांवर तेच होतं. सही केली.

“एक सांगून ठेवतो, बाई. आतल्या खोलीत गेला की एकवीस दिवस बाहेर नाही. कुणाचाच नाही. आत कुणाला काय असेल ते सांगता येत नाही. सकाळी आलेले दोन पिसं फुलवून पेंगत बसलेत. तुमचा कसा आहे?”

“ठणठणीत आहे,” ती म्हणाली आणि जीभ चावली.

काकांनी तिच्याकडे एकदा बघितलं, पिंजरा उचलला आणि आतल्या दारातून नेला. टेबलाच्या बाजूला जाळीची खिडकी होती, तिच्यातून आतलं दिसत होतं. त्यांनी पिंजरा फळीवर ठेवला, चादर काढली आणि बाहेर येऊन तिच्या हातात दिली. आता तिने जायचं होतं. दुसरी कुणी असती तर चादर बगलेत कोंबून चालू पडली असती. पण ही लॉन्ड्रीतली. चुरगळलेली चादर घेऊन रस्त्याने जाणं तिला जमणारं नव्हतं. तिने एक कोपरा दातात धरला, दुसरा बोटात, आणि ती घडी घालू लागली. हात वर गेले तशा कमरेला खोचलेल्या किल्ल्या वाजल्या.

आतून आवाज आला. कुलपात किल्ली फिरल्याचा, मग कडी सरकल्याचा. हुबेहूब त्यांच्या दाराचा. ती कडी दोन ठिकाणी अडकायची आणि आतला आवाजही दोन ठिकाणी अडकला. मग चपला काढल्याचा फट् फट्. उजवी आधी, डावी नंतर. मग तिचा स्वतःचा खोकला, लॉन्ड्रीच्या वाफेने सात वर्षांपासून बसलेला. धाकटीचं हसणं नाही, धाकटीचं काहीच नाही.

आणि मग आई बोलली. आईचाच आवाज, दुपारचा, एकटीचा. “मोठी आली का रे? बघ बघ. आली का?” थोडं थांबून, “उशीर झाला आज. दमली असेल माझी मोठी.” मग पुन्हा किल्ली, पुन्हा कडी, आणि आईचा सुटका झाल्यासारखा सुस्कारा. “आली गं बाई.”

मोठीच्या दातातून चादरीचा कोपरा सुटला.

“अरे वा,” काका म्हणाले. “बोलका आहे की. मोठी कोण हो?”

“मी,” ती म्हणाली. तिला आठवेना की ‘मी मोठी’ हे तिने कधी एवढ्या अभिमानाने सांगितलं होतं. आणि त्याच क्षणी तिच्या लक्षात आलं की हा बोलायचा ते सगळं हेच असणार. दुपारभर आई आणि तो दोघं मिळून तिची वाट बघत होते, धाकटी गुरुवारी येऊन तेच ऐकून हसत होती, आणि ती स्वतः दार उघडून आत येताच पहिलं काम काय करत होती, तर त्याच्यावर अंधार टाकत होती. काखेत कळसा म्हणतात तो हाच. आपलं कौतुक सात वर्षं आपणच झाकून ठेवलं, आणि झाकणाऱ्या हाताला वर दुसऱ्यांचा हेवा.

“काका, परत द्या त्याला.”

“बाई, सांगितलं ना.”

“तो आजारी नाही. भीतीबीती काही नव्हती. मी खोटं लिहिलं.”

“फॉर्मवर काय हवं ते लिहा. पण आता तो त्या पेंगणाऱ्यांबरोबर एका हवेत आहे. आज दिला आणि उद्या तुमच्या घरी काही झालं तर?” त्यांचा आवाज चढला नाही. “घरी म्हातारं माणूस आहे ना? आवाजावरून वाटलं.”

 इतके दिवस जी भीती तिने नुसती तोंडाने वापरली होती ती आता खरीखुरी तिच्या छातीत येऊन बसली. काकांनी तिला आपला फोन नंबर दिला. तिने फॉर्म मागून घेतला आणि ‘आजाराची भीती’वर रेघ मारली. पुढे काय लिहायचं ते तिला सुचलं नाही. जागा तशीच कोरी राहिली.

ती चालत घरी आली. जिना चढली, किल्ली फिरवली, कडी दोन ठिकाणी अडकली, दार उघडलं.

“कोण?” आई दचकून उभी राहिली होती, एक हात भिंतीला टेकून. “कोण आलंय?”

बावीस वर्षं ती कामावरून या दारातून आत येत होती. पहिल्यांदाच घरात तिला कुणी ‘कोण’ म्हणून विचारलं होतं.

“मी गं, आई.”

“तू होय. कळलंच नाही. जिन्यावर असतानाच सांगतो ना तो.” आई खाली बसली. “कुठाय? ठेव खिडकीशी.”

मोठीने चपला काढल्या, उजवी आधी, डावी नंतर, आणि आईसमोर जमिनीवर बसली. गोड बोलून सांगायचं कसं हे तिला येत नव्हतं, ते धाकटीचं काम. “सोडून आले मी त्याला. पाखरांच्या केंद्रात. तो आजारी नव्हता, डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. मला तो सहन होत नव्हता. तू त्याच्याशी बोलतेस, छकुलीशी बोलतेस. माझ्याशी गोळ्यांबद्दल बोलतेस.”

आईने पदर सारखा केला. मग म्हणाली, “तू दमून येतेस. अजून काय बोलायचं तुझ्याशी?”

“तेच. जे त्याच्याशी बोलतेस ते.”

आईचा चेहरा कसनुसा झाला, चोरी पकडली गेल्यासारखा. “ऐकलंस वाटतं.”

“आज ऐकलं.”

“कधी आणायचा?”

“एकवीस दिवसांनी. तिथे दोन पाखरं आजारी आहेत. राहिला नीट तर.”

आईने डोळे मिटले. ते उघडे असले काय आणि मिटलेले असले काय, तिला सारखंच होतं, पण तिने मिटले. मोठी वाट बघत राहिली की आता आई बोल लावेल. लावायलाच हवा होता. आईने हात पुढे केला, चाचपत तिच्या डोक्यावर आणला आणि टपली मारली. हलकी नव्हती, चांगली लागली.

“राहील नीट,” आई म्हणाली. “आणि तोवर खालून हाक मारत ये. मला इथे बसून काही कळत नाही.”

सोमवारी संध्याकाळी सहाला, हातात पिशवी घेऊन, त्रेपन्न वर्षांची बाई पहिल्या मजल्याच्या वळणावर थांबली. शिंप्याचं दार उघडं होतं आणि तो मशीनवरून मान वर करून बघत होता. सकाळी काकांचा फोन लागला होता. तिसरं पाखरूही पेंगायला लागलं होतं. साहेब खात होते, पण बोलत नव्हते. तिने घसा खाकरला.

“आई,” तिने वर तोंड करून हाक मारली, “मोठी आली गं.”