पोचूच्या घरची तांबी

सत्त्याण्णव सालच्या माघात सावली तालुक्यातल्या एका गावात सप्ताह बसला. काल्याच्या कीर्तनात तलावावर मासोळ्या धरणाऱ्या पोचूचं मन असं विरघळलं, की त्यानं तिथंच बुवांपुढे मान वाकवून तुळशीची माळ घालून घेतली. "माळ घातली की चुलीवर जीव शिजवू नये," बुवा म्हणाले. पोचूनं जाळं भावाला दिलं नि रोजीच्या कामाला जाऊ लागला. त्याची बायको गोकुळा कुरकुरली नाही. सांज-सकाळ हरीचं नाव घुमू लागलं, नि खरं सांगायचं तर घराला त्यानं शोभाच आली.

अडचण झाली ती तांबीची, त्याच्या कुत्रीची. ती तलावाच्या पाळीवर, त्या बांधावरच वाढलेली. जाळं झटकलं की पडणाऱ्या बारीक मासोळ्या नि घरी माशांची मुंडकी घालून शिजवलेला कणकीचा, तुकडा तांदळाचा भात, हे तिचं खाणं. आता पोचू तिला नुसती पेज नि भात वाढू लागला, एकादशीला भगर. ती शेजारच्या झिंगूच्या दारात काटे चघळायला जाते हे कळलं, तेव्हा त्यानं तिला अंगणातल्या खुंट्याला बांधून टाकलं.

"काऊन रे पोचू, कुत्रीलेबी माळ घातली का?" झिंगू कुंपणावरून हसला.

"हास तू. माह्या घरचं अन्न खाते ते. तिचाबी जल्म सुधरला पायजे."

"जल्म सुधरन, पन पोट?"

पोचूला मनापासून वाटत होतं, आपण तिचं भलं करून राह्यलो. आपल्या ताटातला गूळ-भाताचा पहिला घास तो तिलाच द्यायचा, डोक्यावरून हात फिरवायचा.

तांबी गाभण राहिली. केस गळू लागले, पाठीचा कणा वर आला.

"अजी, ते दोन जिवाची हाय," गोकुळा म्हणाली. "झिंगूभाऊच्या घरून दोन मुंडकी आनून घालू का?"

"तिच्या वाटचं पाप तू घेशीन?"

गोकुळानं पेजच तांबीपुढे सरकवली. नवऱ्याच्या भक्तीला आपला धक्का नको, एवढंच तिच्या मनात.

तांबी चार पिल्लं व्याली. दूध उतरेना. पोचूनं गाईचं दूध मागून आणलं, पेजेत कालवून तिच्यापुढे ठेवलं, मारुतीला नारळ फोडला. पिल्लं कोरड्या सडांना लोंबत नि किंचाळत.

एके सकाळी तो अंगणात आला, तर तांबी काहीतरी चावत होती. जवळ जाऊन पाहिलं. पिल्लाचा मागचा पाय तिच्या तोंडात होता. आणखी दोन कुठंच नव्हती. चौथं भिंतीला चिकटून थरथरत होतं.

"राक्षसीन! पोटची लेकरं खाल्ली!" पोचूनं काठी उचलली.

गोकुळा मधे पडली. "मारू नका. भुकेनं खाल्लं तिनं. तुमी तिले बांधलं, मी पाह्यत राह्यली. आता कोनत्या तोंडानं मारता?"

पोचूनं काठी टाकून दिली. तांबीला उठवतही नव्हतं, ती तशीच कुशीवर कलंडली. पोचू तसाच अनवाणी तलावाकडे पळाला. झिंगू जाळं ओढत होता. पोचूनं न विचारता त्याच्या टोपलीत हात घातला.

"अरे, तुही माळ..."

"राहू दे. कुत्री मरून राह्यली माही."

घरी येऊन त्यानं स्वतः चूल पेटवली, मासोळ्या भातात शिजवल्या, बोटांनी चाचपून एकेक काटा काढला. तोंडानं विठ्ठल विठ्ठल चाललं होतं नि डोळे गळत होते. वासानं तांबीनं मान उचलली. घास तोंडात घेतला, पण गिळवेना; तो जबड्याच्या कडेनं बाहेर आला. ऊन अंगणात उतरायच्या आत तिची कूस हलायची थांबली.

झिंगू कुदळ घेऊन आला, तेव्हा पोचू उरलेलं पिल्लू मांडीवर घेऊन बसला होता. माशाच्या पाण्यात बोट बुडवून त्याच्या तोंडाशी धरत होता. पिल्लू हुंगायचं नि तोंड फिरवायचं. गोकुळानं जुन्या लुगड्याचा तुकडा त्याच्याभोवती गुंडाळला.

"घेतलं का वो?"

"एक डाव जीभ लावली," पोचू म्हणाला नि बोट पुन्हा पाण्यात बुडवलं.