लाली उतरवणारे थेंब

महाडच्या बाजारपेठेत माझं औषधांचं दुकान आहे. तीस वर्षं डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून मी स्वतःला अर्धा डॉक्टर समजायला लागलो होतो. उरलेला अर्धा किती महाग पडतो, ते गेल्या वर्षी कळलं.

तुडीलची साळूकाकी एक डोळा लालबुंद घेऊन आली. पाणी गळत होतं. डोळे आलेत, असं मीच ठरवलं, चिठ्ठी न मागता स्टिरॉइडचे थेंब दिले. दोन दिवसांत लाली गेली. काकी खुशीत दुसरी बाटली घेऊन गेली.

महिन्याभरात त्या डोळ्यात फूल पडलं. दिसेनासं झालं.

तिला तपासणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला फोन केला. "हर्पिस होता, चिंतामणराव. हा विषाणू लहानपणीच शिरतो आणि नसेत दडून बसतो. शरीर थकलं की उठतो. ती लाली म्हणजे त्याच्याशी लढायला धावलेलं शरीर होतं. तुम्ही लढणाऱ्यांनाच घरी पाठवलंत, त्याला रान मोकळं मिळालं. आता तिला हे तुम्हीच सांगा."

सांगतो म्हणालो. वर्षभर सांगितलं नाही. काकी आली की स्टूल पुसून द्यायचो, चहा मागवायचो. तेवढीच माझी मर्दुमकी. लाज वाटायची, पण दुकानाच्या नावाची काळजी त्याहून जास्त वाटायची.

परवा ती धाकट्या जावेला, मंजुळेला घेऊन आली. मंजुळेचा डावा डोळा लाल.

"हिला तेच थेंब दे रे," काकी म्हणाली. "तुझ्या हाताला गुण हाय. माझी लाली दोन दिसांत गेली व्हती. मागनं डोळा गेला तो माझ्याच चुकीनं. शेणाच्या हातानं चोळला मी."

हे मला माहीत नव्हतं. तिने दोष स्वतःवर घेतला होता.

"काकी, डोळा तुमच्या हाताने नाही गेला. माझ्या थेंबांनी गेला," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. मंजुळेला आजच्या आज डॉक्टरांकडे न्या, असंही सांगितलं.

काकीने विचारलं,

"तुला कवा कळला?"

"गेल्या वर्षीच."

ती आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली.

"वरीसभर मी या हातानं नातवाला घास नाय भरवला रे. त्याच्या डोळ्याला काय झाला तर, म्हनून."