बस डावीकडे वळेना

मी एक जुना दुभाषा आहे. माणूस नव्हे, मित्रांनो, संगणकातला प्रोग्राम. मला चेहरा नाही, आवाज नाही, आणि मी काम करत असताना पडद्यावर माझा मागमूसही दिसत नाही. तरी एका घरातली बस माझ्यावाचून डेपोतून हलत नव्हती, म्हणून म्हटलं आपली हकिकत आपणच सांगावी. दुसरं कोण सांगणार?

आधी माझं काम समजून घ्या. गेम ज्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी बनवलेला असतो, तेवढीच भाषा त्याला येते. पण काही संगणकांवर दुसरी सिस्टिम असते. तिचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो. कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा. ती मोठी गुणाची, पण त्या गेमचं अवाक्षर तिला कळत नाही. गेम म्हणतो, "आवाज काढ," आणि ही ढिम्म. मग मी मध्ये बसतो. त्याचं मागणं तिच्या भाषेत सांगतो, तिचं उत्तर त्याच्या भाषेत पोचवतो. गेमला वाटतं, आपण आपल्याच घरी आहोत.

मला कुठल्या कारखान्यात घडवलेलं नाही. देशोदेशीच्या माणसांनी आपापली नोकरी सांभाळून, उरल्या वेळात मला घडवलं. मूळ सिस्टिमच्या पोटात काय आहे हे त्यांना कुणी दाखवलं नव्हतं. बाहेरून एकेक प्रश्न टाकायचा, काय उत्तर येतं ते पाहायचं आणि मला तसंच उत्तर द्यायला शिकवायचं. त्यांच्या नाकी नऊ आले. मीही सुरुवातीला चांगलेच दिवे लावले. अक्षरांच्या जागी चौकोन काढले, मोटारी रस्त्याखालून पळवल्या. पण त्यांनी मला टाकलं नाही, दुरुस्त करत राहिले.

कौतुकाचं म्हणाल तर गेम चालला की लोक गेमला शाबासकी देतात, आणि अडला की खापर माझ्यावर फोडतात. मला त्याची सवय झाली आहे.

मी ज्या घराचं सांगतोय तिथे काका, काकू आणि त्यांची पुतणी अशी तिघं राहत. काकांनी जन्मभर बस चालवली. निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, पण डावा हात लुळा पडला. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला आणि रोज दाबायला सांगितलं. काकांनी चेंडू खिडकीत ठेवून दिला.

"अहो, घ्या ना हातात," काकू म्हणायच्या.

"मी काय तान्हं बाळ आहे?" असं म्हणून ते तोंड फिरवायचे.

पुतणी चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायची. तिच्या लहानपणी घरात बस चालवायचा एक गेम होता, आणि त्याबरोबरचं स्टिअरिंग माळ्यावर पडून होतं. काकांच्या हाताला व्यायाम होईल म्हणून तिने ते खाली काढलं. तिच्या लॅपटॉपवर खुली सिस्टिम होती, म्हणून तिने मला बोलावलं. तीन-चार वेळा मी आपटलो. मग पडद्यावर डेपो उभा राहिला. काका जवळ आले, इंजिनाचा आवाज ऐकला आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

"डावीकडे वळताना डाव्याच हाताने ओढायचं हं काका," पुतणीने बजावलं.

"गाडी कशी वळवायची ते तू मला शिकव आता," काका म्हणाले, पण ओढलं त्यांनी डाव्याच हाताने.

सुरुवातीला बस फुटपाथवर चढायची. हळूहळू नीट वळू लागली. एका सकाळी काकांनी चहाचा कप डाव्या हाताने उचलला. काकूंनी पाहिलं आणि डोळ्यांना पदर लावला.

इथेच माशी शिंकली. पुतणीला शिस्त मोठी. सुट्टीच्या दिवशी लॅपटॉपमध्ये जे जे नवीन आलेलं असेल ते सगळं ती घेऊन टाकायची. त्यात माझीही नवी आवृत्ती आली. तिच्यात स्टिअरिंगचं बोलणं ऐकायची पद्धत बदललेली होती. नव्या स्टिअरिंगांना ती छान होती. या जुन्याचं मात्र अर्धंच बोलणं माझ्या कानावर पडू लागलं.

दुसऱ्या दिवशी काका बसले. बस उजवीकडे वळली, डावीकडे वळेना. त्यांनी पुन्हा ओढलं, दात-ओठ खाऊन ओढलं. बस सरळच. त्यांनी डाव्या हाताकडे पाहिलं.

"गेला परत," ते पुटपुटले.

मित्रांनो, हात गेला नव्हता. स्टिअरिंग पुरतं फिरत होतं. पण मी सांगणार कसं? मला फार वाईट वाटलं.

काकांनी घरात चकार शब्द काढला नाही. "आज बस नाही?" असं काकूंनी विचारलं, तर म्हणाले, "कंटाळा आला." चहाचा कप उजव्या हातात गेला. डावा हात मांडीवर पडून राहू लागला आणि खरंच आखडत चालला.

बरेच आठवडे असेच गेले. मग पुतणी स्टिअरिंगवरची धूळ पुसायला आली आणि सहज बस सुरू करून बसली.

"काका, जरा इकडे या," तिने हाक मारली. "ही डावीकडे वळतच नाही. माझाही हात गेला की काय?"

काका दारात आले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग आपल्या डाव्या हाताकडे.

"तुम्ही चालवतानाही असंच झालं होतं?"

त्यांनी मान डोलावली.

"मग सांगितलं का नाही?"

"सांगायचं काय? मला वाटलं, माझंच संपलं."

पुतणीने माझ्या कर्त्यांना सगळं लिहून कळवलं. स्टिअरिंगांचं काम बघणारा कुणी दूरदेशीचा होता. सगळे त्याला चाकवाला म्हणत. त्याचं उत्तर आलं: दुभाष्याला बोलता करा आणि तो काय बोलतो ते मला पाठवा. तशी सोय माझ्यात आहे. सांगितलं तर मी ऐकलेलं आणि पुढे पोचवलेलं सगळं शब्दशः लिहून देतो. मी भडाभडा बोललो. स्टिअरिंग "डावीकडे" म्हणत होतं आणि मी गेमला "सरळ" सांगत होतो. चाकवाल्याने माझी चूक दुरुस्त करून पाठवली.

काका पुन्हा बसले. आखडलेल्या हाताने त्यांनी कण्हत ओढलं. बस डावीकडे वळली आणि खांबावर आदळली.

"अहो, धडकली," काकू म्हणाल्या.

"धडकू दे," काका म्हणाले. "वळली ना."

पण वाया गेलेले ते आठवडे कुणी परत आणून दिले नाहीत. हात आधीइतका सुधारायला पुढे फार वेळ लागला, आणि कप अजून कधीकधी हिंदकळतो. म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. मी बिघडलो तर माझ्या कर्त्यांना जरूर कळवा. पण त्याच्याही आधी, "माझंच संपलं" असं म्हणून उठून जाऊ नका. घरातल्या कुणाला तरी हाक मारा आणि म्हणा, "जरा तू करून बघ."